चार वितींवर आई

२ एप्रिल, दुपारी, भांडी आवरल्यावर

सूनबाई,

आशीर्वाद. पूर्ण दिलाय, रागापायी अर्धा मागे ठेवलेला नाही.

तुझं पत्र पोचलं आणि सोबतचा जाड लिफाफाही. फोन सोडून पत्रावर का आलीस ते समजलं. दोन खोल्यांचं घर, मी फोनवर नुसतं 'हं' म्हटलं तरी तुझ्या लेकीचे, आपल्या पिपाणीचे, कान टवकारतात. आणि तुझा फोन आला की ती न्हाणीघरात जाऊन नळ सोडून बसते, ते वेगळंच. दिवसभर तोंडाची पिपाणी वाजत असते, पण तुझं नाव निघालं की मुकी.

आता मुद्द्याचं. ताकाला जाऊन भांडं लपवायची मला सवय नाही. तू लिहिलंस, की तुझ्या नोकरीच्या डोंगराखाली आता राहायला दोन खोल्या मिळाल्या, जवळ शाळा आहे, आणि नवीन वर्गासाठी पोरीला न्यायचंय. सुट्टी संपत आली की येईन, तिला विचारीन, आणि ती नाही म्हणाली तर पुन्हा कधी विचारणार नाही, तुमच्याकडेच राहू दे. असंच ना? मी तिसरी शिकलेली, चौथीच्या उंबऱ्यावरून परत आलेली, पण एवढं वाचता येतं. म्हणजे मी नुसती हाताची घडी घालून बसले तरी पोरगी माझीच. हे तुला कळत नव्हतं असं नाही, तरी लिहिलंस. एवढा भरवसा मागच्या खेपेला निघताना कुठे ठेवला होतास? दार असं आपटलंस की खालची शिंपीण सुई हातात घेऊन वर आली, काय पडलं म्हणून.

तू म्हणालीस मी पोरीचे कान भरते, मी म्हणाले कान भरायला तरी कोणी जवळ लागतं. फिटंफाट झाली. उकरत नाही.

लिफाफ्यातले कागद बघितले. स्वयंपाकघरात बसून पृथ्वी शिकायची म्हणे. बरणीत माती, दुधावरची साय, ओट्यावर ज्वालामुखी. उंटावरून शेळ्या हाकतात ऐकलं होतं, डोंगरावरून स्वयंपाकघर हाकणारी तूच पहिली. पिपाणीला दाखवले. म्हणाली, "फाडून टाक." मी फाडले नाहीत. पाठकोरे आहेत, कामाला येतील.

तुझा नवरा, म्हणजे माझा दिवटा, जहाजावर ठीक आहे. एक पाण्यावर, एक डोंगरावर. जमीन सांभाळायला मी आणि ही आठ वर्षांची.

तुझी सासू

९ एप्रिल, सकाळी, दूध तापायला ठेवून

सूनबाई,

हे पत्र मी लिहिलेलंच नाही असं समज. का ते सांगते.

परवा तुझा पहिला कागद घेऊन ओट्यापाशी बसले. तुझं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग आणि माझे डोळे म्हणजे तेल संपलेला दिवा. मोठ्याने म्हटलं, "कसली बरणी घ्यायला सांगते ही बाई, झाकणाची की बिनझाकणाची?"

"झाकणाची," दारातून आवाज. "लिहिलंय की इथे. दिसत नाही का तुला?"

"दिसलं असतं तर तुझ्या तोंडाकडे कशाला बघितलं असतं?"

"पण तुला कशाला करायचंय हे?"

"तिसरीतनं काढलं मला. राहिलेलं शिकते. तुझ्या पोटात का दुखतं?"

आत येऊन कागद ओढून घेतला. मग म्हणाली, वाचून दाखवते, पण आईला सांगायचं नाही. मी बरं म्हटलं. नुसतं बरं तिला चालेना. बाबाची शपथ घे म्हणाली. घेतली. तो जहाजावर आहे आणि त्याला पोहता येतं, म्हणून तुला लिहायचं धाडस करतेय.

तर बरणी. माती, वाळू, खडे, वर पाणी. खूप हलवायचं आणि मग ठेवून द्यायचं. ठेवून द्यायचं! जन्म गेला माझा या ओट्यापाशी. भांड्यात काही गढूळ दिसलं की हात आपोआप डावाकडे जातो. जाता ढवळलं, येता ढवळलं. पिपाणी खेळून आली तर बरणीत नुसता चिखल.

"आजी, तू हात लावलास."

"मी कशाला लावू?"

"डाव ओला आहे आणि त्याला वाळू लागलीय."

पोलिसात जाईल पोरगी. तेव्हापासून डाव तिच्या दप्तरात कुलूपबंद आहे आणि मी कपाने वाढते. पण दुसऱ्या दिवशी बरणी बघितली. खाली खडे, त्यावर वाळू, त्यावर माती, सगळ्यात वर जरा धुरकट पाणी. थर असे, जसे कोणी हाताने लावले. मी बरणी धरून उजेडाकडे नेली, तेवढंच तिने बघितलं.

"खालचं आधी बसलेलं, वरचं नंतरचं," पिपाणी म्हणाली. "डोंगर कापून बघतात तेव्हा असंच दिसतं."

"म्हणजे माझ्या ट्रंकेसारखं. लग्नातलं तळाला."

"हो. फक्त डोंगरात डांबराच्या गोळ्या नसतात."

दूध वर आलं. थांबते.

न लिहिणारी सासू

१८ एप्रिल, संध्याकाळी

सूनबाई,

सायीचा कागद झाला. दूध तापवून गार करायचं, साय धरली की कडेने हलक्या बोटाने ढकलायचं. घड्या पडतात, मधेच उंचवटा येतो, तो डोंगर. मला वाटलं, मग खाली दुधासारखं पातळ असणार, आपण सगळे सायीवर चालतोय. म्हणून मधल्या चिठ्ठीत तुला विचारलं होतं. बरं केलंस लगेच कळवलंस, की खाली पातळ नसतं, घट्टच असतं, पण इतकं तापलेलं की फार फार हळू सरकतं, मळून ठेवलेल्या कणकेसारखं. हे मी पोरीला माझ्याच तोंडून सांगितलं.

"तुला कसं कळलं?"

"विचार केला."

तेव्हापासून घरात माझी पत वाढलीय. ती तू घालवू नकोस.

आता एक खटकलं ते. डोंगररांग साखर घालून खात बसली होती. खाता खाता म्हणाली, "आईचा डोंगर घडीचा नाही. तो धूर सोडतो." आणि उठली. साय तशीच वाटीत. ही पोर साय टाकून उठत नाही, घराला आग लागली तरी वाटी घेऊन पळेल. तू तिला त्या डोंगराबद्दल काय सांगून ठेवलंयस? नीट आठव आणि लिही.

तिचे फ्रॉक वर चढलेत. शिंपिणीकडे दोन नवे टाकलेत. शिंपीण विचारत होती, "मावशी, खिसा कुठे ठेवू, तिच्या शाळेत कसा चालतो?" मी म्हटलं, शाळा कुठली ते मला माहीत असतं तर खिशाचंही सांगितलं असतं.

सासू

२७ एप्रिल

सूनबाई,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी ऐक.

ज्वालामुखीचा कागद काढला. कणकेचा डोंगर, मधे स्टीलचा पेला, पेल्यात सोडा, वरून रंग घातलेलं व्हिनेगर. कागदावर लिहिलेलं, सोडा एक लहान चमचा, सपाट. पिपाणीने दोनदा वाचलं. पण मी उभ्या जन्मात चमच्याने मोजून काही केलेलं नाही. माझा हात हाच माप. एका चमच्याने केकसुद्धा फुगत नाही, मग डोंगर काय फुगणार? मूठभर टाकला. बाटली उपडी केली.

फेस पेल्यातून आला, डोंगरावरून आला, ओटाभर झाला, सिंकपर्यंत गेला आणि पायपुसण्यावर उतरला. लालभडक. मी हसतेय. म्हटलं, बघ, याला म्हणतात हात सढळ असणं. मागे वळले तर पोरगी भिंतीला चिकटलेली. ओठ पांढरे.

गेली आणि कंपासपेटी घेऊन आली. आतून बटण काढलं. तपकिरी, मोठं, भोकात दोरा तसाच. तुझ्या कोटाचं गं. तू जाऊन पोचल्यावर फोन केला होतास, बटण पडलं का तिथे म्हणून. मी पलंगाखाली झाडू घालून शोधलं आणि घरात नाही असं छातीठोक सांगितलं. ते या पोरीच्या पेटीत होतं.

"आजी, आई कुठे उभी असते?"

"म्हणजे?"

"ह्याच्यात. कुठे ठेवू आईला?"

डोंगराच्या उतारावर ठेवून बघितलं, बुडलं. पायथ्याशी ठेवलं, बुडलं. सिंकच्या कडेला ठेवलं, तिथेही फेस. मीच पोचवला होता ना.

"सगळीकडे येतं," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग एकेक निघालं. तू तिला सांगितलं होतंस म्हणे, थोडा धूर येतो, काही नसतं. मोठी माणसं काही नसतं म्हणतात तेव्हा काहीतरी असतं, हे आठ वर्षांच्या पोरीला कळत नाही असं तुला वाटलं? फोन वाजला की हिला वाटतं, आई बोलत नसेल, आईबद्दल दुसरंच कोणीतरी बोलत असेल. म्हणून नळ. आणि मागच्या खेपेला तू निघताना ती कपाटात लपली ती रागाने नाही. म्हणाली, "मी बाहेर आले असते तर ती भेटून गेली असती. नाही आले तर थांबेल, असं वाटलं."

आपण दोघी कपाटाबाहेर भांडत होतो, कोणी कोणाचे कान भरले म्हणून.

आता माझं सरळ. रागावलेली पोर असती तर मी ठेवून घेतली असती, खोटं कशाला बोलू. राग मला चांगला सांभाळता येतो. घाबरलेली पोर ठेवून घेत नाहीत. तिच्यासोबत ती भीतीही या घरात वाढणार, आणि तिला रोज गरम गरम वाढायचं मला जमणार नाही.

तेव्हा तू कागद पाठव. 'मी सुरक्षित आहे' असं एक वाक्य लिहिलंस तर तो खरंच फाडेन. नेमकं लिही. डोंगर माझ्या एका वितीएवढा उंच धर. मग तू किती वितींवर राहतेस? तो पूर्वी उसळला तेव्हा कुठवर आला होता? वर चढतेस का? चढत असशील तर तेही. ही पोर डावाची वाळू ओळखते, खोटं लिहू नकोस.

कागद आला की शपथ मोडल्याचं कळेल. ते मी बघून घेते.

आता आशीर्वाद घे. पाठीवर हात ठेवून दिलाय असं समज.

सासू

११ मे, दुपारी

सूनबाई,

तुझा कागद आला, नकाशासकट. मी तिच्यासमोर ठेवला आणि सांगून टाकलं, आईला मीच कळवलं.

"शपथ मोडलीस. बाबा बुडला तर?"

"त्याला पोहता येतं."

"समुद्र केवढा असतो माहीत आहे का तुला?"

अबोला धरला. सावकाराने व्याज धरावं तसा, दिवसागणिक वाढता. जेवायची, ताट घासायची, आणि शिंपिणीकडे जाऊन बसायची. नकाशा ओट्यावर तसाच. मी त्याला हात लावला नाही. ढवळायचं नाही एवढं तरी शिकलेय.

काल भाजी चिरत होते. मागून आवाज आला, "वीत कोणाची?"

"माझी म्हणते तुझी आई."

"मग हात ठेव."

चार वेळा हात ठेवायला लावला ओट्यावर, डोंगरापासून सिंककडे. चौथी वीत संपली तिथे साबणाची डबी. ती उचलली आणि बटण ठेवलं. मला स्टुलावर बसवलं, दोन्ही हात मांड्यांखाली. सोडा तिने घेतला, लहान चमचा, वरून सुरीने सपाट केलेला. व्हिनेगर ओतलं. फेस आला, उतरला, पायथ्याशी जरासा पसरला आणि थांबला. बटण कोरडं.

"आणि मोठा आला तर?" मीच विचारलं. तिच्या मनात होतंच.

तिने तुझा कागद वाचला. कधीकाळी सगळ्यात मोठा आला तो दोन वितींवर थांबला होता, म्हणून घरं चारवर बांधली. मी म्हटलं, तेव्हा बघायला कोण होतं? माझ्याकडे बघून हसली. किती दिवसांनी हसली. "कोणी कशाला पाहिजे? जमीन कापून बघतात. दोन वितींपर्यंत राखेचा थर आहे, पुढे नाही. बरणीसारखं." आणि सोडा वाढवून दोन वितींपर्यंत आणून दाखवला. बटण कोरडंच.

मग तुझं वर चढायचं. डोंगराचं पुटपुटणं ऐकणारी यंत्रं वर बसवलीत, डोंगर गप्प असला की बॅटऱ्या बदलायला तू पाऊण वितीवर जातेस, तो पुटपुटला की आधी कळतं. 'बहुतेक वेळा कळतं, नेहमीच नाही' असं लिहिलंस. सूनबाई, ते मी आधी वाचलं होतं. अंगठा ठेवून कागद धरावा असं मनात आलं होतं. ठेवला नाही. तिने ते वाक्य वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं.

"खरं लिहिलंय," ती म्हणाली.

मग काय केलं सांगू? व्हिनेगरची बाटली उचलली, स्टुलावर चढून वरच्या फळीवर ठेवली, आणि मगच बटण पाऊण वितीवर सरकवलं. बॅटरी बदलायला लागेल तेवढा वेळ थांबली. बटण परत चारवर आणलं, मग बाटली खाली. पुन्हा तेच. पुन्हा तेच. आधी व्हिनेगर वर, मग आई पुढे. कणीक वाळून तडकायला लागली तरी चाललेलं. मला ओटा हवा होता, पण मी गप्प बसले. शिंपिणीला विचार, माझं गप्प बसणं म्हणजे काय असतं.

नकाशाच्या कोपऱ्यात तू बारीक लिहिलेलं, की याच मापाने आपलं हे घर कुठे येईल. गल्लीच्या टोकाला, बेकरीपाशी. ते तिला फार आवडलं. मला हाताला धरून खाली नेलं, बेकरीच्या पायरीवर उभं केलं. "आजी, आपण इथे राहतो. आई वर ओट्यावर."

बेकरीवाला म्हणाला, "मावशी, घर बदललं का?"

"नकाशात," मी म्हटलं. "पाव दे."

संध्याकाळी तुझा फोन आला, नळ सुटला नाही. ती काय बोलली ते तू ऐकलंसच. "चार वितींवरनं तुला दिसतं तरी काय?" एवढा मोठा डोंगर चढून बसलेल्या बाईला असं विचारायचं असतं का? पण बोलताना बटण मुठीत होतं आणि ती मूठ तिने छातीशी धरलेली होती, हे तुला फोनवर दिसलं नसेल म्हणून लिहिलं.

फोन ठेवल्यावर दप्तर उघडून डाव काढून दिला. "घे. ढवळ काय ढवळायचंय ते."

सासू

२४ मे

सूनबाई,

रविवारी येतेस ते कळलं. कोट घालून ये. उकडलं तरी घालून ये. तिला बटण स्वतः लावायचंय, शिंपिणीकडे सराव चाललाय, तीन चिंध्या वाया गेल्या.

मलाही चल म्हणालीस. नको. तुझा नवरा जहाजावरून उतरला की त्याला दार उघडायला कोणीतरी लागेल, नाहीतर तो शिंपिणीकडे जेवेल आणि तिच्या हाताची चव बघून मला नावं ठेवील. आणि दोन बायका एका ओट्यावर किती दिवस टिकतात ते आपल्याला माहीत आहे. सुट्टीत पोरीला पाठव, तू सोबत ये, दार हळू लाव.

एक सांगायचंय. तिला विचारशील तेव्हा मी घरात नसेन, खाली शिंपिणीकडे बसेन. ही पोर उत्तर द्यायच्या आधी माझ्या तोंडाकडे बघते, तशी सवयच लागलीय तिला. त्या वेळी माझं तोंड काय करेल याचा मला अंदाज नाही, आणि अंदाजाने काही टाकायचं मी सोडलंय.

ती नाही म्हणाली तर मला खाली येऊन सांग. हो म्हणाली तर फ्रॉकांची पिशवी दाराच्या मागे आहे. खिसा उजव्या बाजूला ठेवलाय, बटण मावेल एवढा. मी शाळेचं विचारलं नाही कोणाला.

सासू

२० जून, सकाळी

पिपाणीस, आजीकडून.

तुझं पत्र आलं. अक्षर आईवर गेलंय, मुंग्या आहेत, पण जरा जाड. शाळेत मास्तरांनी डोंगराचे थर विचारले आणि तू ट्रंकेचं सांगितलंस हे बरं केलंस. डांबराच्या गोळ्यांचं सांगायची गरज नव्हती.

चार वितींवरनं वर डोंगर दिसतो, रात्री कधी टोकाला लाल रेघ दिसते आणि तू आईला उठवून दाखवतेस, असं लिहिलंस. दाखव. पण आई कधी डोंगरावर निघाली की काय करायचं ते लक्षात आहे ना? तिथे व्हिनेगरची बाटली नसली तरी आधी यंत्राचा कागद बघायचा, मग आईला सोडायचं. तिने घाई केली तर माझं नाव सांग.

बरणी ओट्यावरच आहे. पाणी आता वरपर्यंत नितळ झालंय, खालची वाळू मोजता येईल. डाव मी शिंपिणीकडे ठेवलाय. तिला वाटलं मला वेड लागलं. वाटू दे.

बटण तू आईच्या कोटाला लावून नेलंस, म्हणून शिंपिणीने दोन दिलीत, एक तपकिरी आणि एक त्याच्यापेक्षा लहान, लाल. साबणाची डबी हलवून दोन्ही चार वितींवर ठेवलीत. कणकेचा डोंगर तडकला होता, नवा केला. मोजून केला, एक वीत.

बेकरीवाला विचारत होता, पोर कुठे गेली, पाव निम्मे झाले. मी म्हटलं, गेली कुठे, ओट्यावर आहे. तो हसला. त्याला मापाचं काय कळणार? रोज सकाळी मी बेकरीच्या पायरीवर उभी राहते, म्हणजे आपल्या घरात. तिथून पाव घेऊन निघते, गल्ली चालते, जिना चढते, आणि ओट्यापाशी येते म्हणजे तुमच्या दारात. लोकांना तिथे पोचायला रात्र आणि दिवस लागतो. मला पायी लागतो तेवढा वेळ लागतो, गुडघा कसा आहे त्यावर.

आजही आले. पाव गरम होता. लाल बटणाशेजारी ठेवला आणि जरा थांबले.

कोणी दार उघडलं नाही. बरोबरच आहे. या वेळी तू शाळेत असतेस.

आजी